घरून धुऊन आणलेले पाय

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने पकडलं जाण्याआधीच्या जेवणाच्या वेळी कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. शिष्यांचे पाय त्या वेळी कसे होते हे शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, लिहिलेलं नाही. पण तीन वर्षं धुळीतून वहाणा फरपटत हिंडलेल्या माणसांचे पाय कसे असणार, हे समजायला शुभवर्तमान लागत नाही.

आमच्या चर्चमध्ये पाय घरून धुऊन आणायची पद्धत आहे.

ही पद्धत कुणी घालून दिली ते माहीत नाही, पण ती इतकी पक्की आहे की बारा जणांची यादी लागली की त्या बारा घरांत आठवडाभर बादल्या वाजत असतात. बेकरीवाला पिठात मळलेले पाय लिंबाने घासतो. इलेक्ट्रिशियन नखांखालचा काळेपणा टेस्टरच्या टोकाने काढतो. मी स्वतः जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारण्याचं काम करतो, त्यात पाय फारसे मळत नाहीत. तरीही यंदा यादीत नाव लागल्यावर मी तीन दिवस वजरीने टाच घासली. शेवटी बायको म्हणाली, "पुरे आता, हाड दिसेल."

एवढं झाल्यावर तपासणी असते. चर्च कमिटीच्या सेक्रेटरी म्हणजे आमच्या बाई. एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन नऊ झाली, पण अजून त्यांच्यासमोर माणूस आपोआप हात मागे बांधतो. विधीच्या अर्धा तास आधी, फादरांच्या कपडे बदलायच्या खोलीत बारा जणांना रांगेत बसवून बाई चष्मा लावून एकेक पाय बघतात. "फादरांनी बिचाऱ्यांनी गुडघे टेकायचे आणि आपण त्यांना मळ दाखवायचा?" हा त्यांचा प्रश्न. त्याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते बाईंना देण्याची आमची छाती नाही.

परिणाम असा, की फादर स्वच्छ पायावर स्वच्छ पाणी ओततात, स्वच्छ टॉवेलने पुसतात आणि तो टॉवेल पुन्हा घडी करून कपाटात ठेवता येतो. पायही एकच, उजवा. घंगाळ लहान आहे.

यंदा बारावा माणूस ऐन बुधवारी गळाला. रिटायर्ड पोस्टमन, त्याच्या मुलीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या आणि तो गाडी धरून गेला. बुधवारी दुपारी मी टेलरमास्तरांच्या दुकानात पँटची कंबर सोडवायला उभा होतो, तेव्हा बाई छत्री टेकत आत आल्या.

मास्तरांचं दुकान चर्चला लागूनच आहे. खाली दुकान, वर घर. वय एकसष्ट. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा जहाजावर, वर सून आणि हे. चर्चचं सगळं शिवणकाम मास्तर फुकट करतात: फादरांचे झगे, वेदीवरची वस्त्रं, गायनमंडळाचे कोट. पैसे दिले की रागावतात. कुणाचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा शेजारून डबा आला, तर धुतलेल्या डब्यात स्वतः केलेला भात घालून तासाभरात परत पाठवला होता.

"मास्तर, उद्या साडेपाचला हजर राहायचं. पाय धुवायला तुम्ही बसणार आहात," बाई म्हणाल्या.

"बाई, मी लोकांची मापं घेतो. माझं माप कुणाला देत नाही."

"माप कोण मागतंय? पाय मागतेय."

"पाय मशीनवर आहेत. गायनमंडळाचे चार कोट बाकी आहेत, ते उद्याच हवेत ना तुम्हाला?"

तेवढ्यात सून जेवायच्या सुट्टीत घरी आली. ती नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गिऱ्हाइकाने खोकला म्हणून सांगितला तरी ती आधी त्याच्या डोळ्यांकडे बघते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून तिने सगळं ऐकलं.

"बाबा, बसा ना. हरकत काय आहे?" ती म्हणाली. "की पायाला काही झालंय?"

"पायाला काय होणार?"

"तीन आठवडे झाले, मी वरून ऐकतेय. तुमचं मशीन लंगडतंय."

"तेल घालायला झालंय."

"तेल घालून मशीन एका पायाचं दोन पायांचं होत नाही, बाबा. मोजे काढा बघू."

"दुकानात? गिऱ्हाइकासमोर?"

"मी तोंड फिरवतो," मी म्हणालो.

"तुम्ही तुमच्या कंबरेकडे बघा," मास्तर म्हणाले. "एक इंच म्हणालात, दोन सोडावे लागणार आहेत."

सून हलली नाही. बाईही हलल्या नाहीत. दोन अशा बायका दोन बाजूंनी उभ्या राहिल्या की पुरुषाने काहीतरी कबूल करणंच शहाणपणाचं असतं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"एकच पाय ना, बाई?"

"एकच. उजवा. मी लहान होते तेव्हापासून उजवाच."

"ठीक आहे. येतो."

सुनेचा चेहरा उजळला. बाईंनी वहीत खूण केली. मलाही बरं वाटलं. त्या खोलीत मास्तरांच्या मनात काय चाललंय हे एकट्या मास्तरांना माहीत होतं, आणि ते त्यांनी मला पुढे दवाखान्यात सांगितलं.

जखम डाव्या पायाला होती.

दोन महिन्यांपूर्वी दुकानात पडलेली टाचणी अंगठ्याच्या खाली तळव्यात शिरली होती. शिरल्याचं कळलंच नाही, कारण साखरेचा आजार चौदा वर्षांचा आणि तळवे केव्हाच बधिर झालेले. संध्याकाळी मोजा काढताना रक्त दिसलं. टाचणी काढली, हळद भरली, पट्टी बांधली. जखम भरेना, उलट रुंदावत गेली. पण दुखत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असा मास्तरांनी हिशेब लावला. सुनेच्या दुकानातून कापूस आणला असता तर तिला कळलं असतं, म्हणून तो जखमी पाय घेऊन ते चार गल्ल्या पलीकडच्या दुकानात चालत जायचे. पाय जपायचा कापूस आणण्यासाठी पायाची अशी वाट लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दवाखान्यात न जाण्याचं कारण त्यांचा बाप. त्यालाही हाच आजार होता. आधी अंगठा गेला, मग घोटा, मग गुडघा, मग तो. मास्तर तेव्हा वीस वर्षांचे होते आणि प्रत्येक वेळी बापाच्या पँटचा पाय त्यांनीच आखूड केला होता. तेव्हापासून त्यांचं एक ठाम मत झालं होतं: डॉक्टरला बोट दाखवलं की तो पाय मागतो.

तर सुनेची शंका फेडायची, बाईंचा मान राखायचा आणि डावा बूट पायातच ठेवायचा, अशी तिहेरी सोय त्या उजव्या पायाने होत होती. मास्तर त्या दुपारी खुशीत होते. माझ्या पँटचे पैसेही त्यांनी कमी घेतले.

गुरुवारी साडेपाचला आम्ही बारा जण कपडे बदलायच्या खोलीत रांगेत बसलो. खोलीत टाल्कम पावडरचा असा घमघमाट होता की एखाद्या बाळाचं बारसं असावं. बाईंनी बेकरीवाल्याच्या टाचेवर बोट फिरवून बोट बघितलं. इलेक्ट्रिशियनला करंगळीचं नख पुन्हा कापायला लावलं. माझ्या पायाकडे बघून "हं" म्हणाल्या. मास्तरांपाशी मात्र त्या थांबल्या. उजवा पाय गुळगुळीत, नखं एका रेषेत, घोट्यापर्यंत पँटची घडी मोजून दुमडलेली.

"बघा," बाई बाकीच्या अकरा जणांना म्हणाल्या, "याला म्हणतात तयारी."

मास्तरांनी मान खाली घातली. आम्हाला तो विनय वाटला.

सहाला मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, सुरू झाली. आमचे फादर नवे, सहा महिन्यांपूर्वी आलेले, चौतीस वर्षांचे, उंच आणि वाऱ्याने हलतील इतके बारीक. प्रवचन त्यांनी सात पानांचं लिहून आणलं होतं. विषय देवाची मानवावरची प्रीती. चांगलं होतं, असं सगळेच म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी मी पाच जणांना विचारलं, तर प्रत्येकाला त्यातलं एकच वाक्य आठवत होतं, आणि तेही मायक्रोफोन बंद पडला तेव्हाचं "ऐकू येतंय का?"

मग बारा खुर्च्या. अकराव्या खुर्चीत मी, बाराव्या खुर्चीत मास्तर. मी जे सांगतोय ते दीड हातावरून ऐकलेलं आहे.

फादर एकेकासमोर गुडघे टेकत, पाणी ओतत, पुसत, पायाचं चुंबन घेत पुढे सरकत होते. गायनमंडळाने भजन बरोबर बारा पायांना पुरेल एवढं बसवलं होतं. माझा पाय झाला. पाणी कोमट होतं. मग फादर मास्तरांपुढे टेकले. उजवा पाय घेतला, धुतला, पुसला, ओठ टेकले. झालं. आता उठायचं.

फादर उठले नाहीत.

ते वाकलेलेच राहिले आणि मास्तरांच्या डाव्या बुटाकडे बघत राहिले. मीही बघितलं, पण मी खुर्चीत होतो, मला काळा पॉलिश केलेला बूट दिसला. जमिनीवर टेकलेल्या माणसाला वेगळं दिसत होतं. बुटाची बाहेरची बाजू दोन इंच कापलेली होती. सुजलेला पाय आत मावावा म्हणून मास्तरांनी कात्रीने बूट कापला होता. आणि कापलेली कड उघडी ठेवायची नाही, हा धंद्याचा धर्म असल्यामुळे त्या कडेला काळी फीत लावून बारीक टाक्यांनी शिवली होती. वरून ती फॅशन वाटत होती. खालून त्या फटीतून पांढरं कापड दिसत होतं, आणि ते पिवळं ओलं झालेलं होतं. बारा जणांच्या पावडरीखाली दबलेला एक वास होता, तोही तिथे खाली येत असणार.

"दुसराही द्या, मास्तर," फादर हळूच म्हणाले.

"एकच असतो, फादर. उजवा."

"माहीत आहे. दुसरा द्या."

"बाईंना विचारा."

"बाईंचा पाय नाहीये तो."

मास्तरांनी डावा पाय खुर्चीखाली ओढला. भजनाचं शेवटचं कडवं संपलं. ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीने मान उंच करून बघितलं, फादर अजून खालीच, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खांबाजवळून बाई खोकल्या. तो खोकला आम्ही शाळेपासून ओळखतो. त्याचा अर्थ वेळ संपली, पेपर द्या.

"उठा फादर, लोक बघतायत."

"बघू दे."

"हा हट्ट झाला."

"हो."

"आत्ताच तर तुम्ही वाचलंत. शिष्य पेत्र काय म्हणाला? माझे पाय धुवायचे नाहीत म्हणाला. लाज असते माणसाला."

"आणि मग काय झालं?"

"धुतले," मास्तर म्हणाले.

"मग."

"पण फादर, सगळ्यांसमोर..."

"मास्तर, उजवा पाय तुम्ही घरी धुतलात. उत्तम धुतलात. त्यासाठी देवाने खाली यायची काय गरज होती?"

मास्तरांनी पाय पुढे केला असं म्हणता येणार नाही. त्यांनी तो मागे ओढायचा थांबवला. फादरांनी तेवढ्यावर भागवलं. टाच धरून पाय बाहेर घेतला, नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. आत गुंडाळलेलं पांढरं कापड बघून त्यांनी वर बघितलं.

"हे माझ्या झग्याचं कापड आहे."

"उरलं होतं," मास्तर घाईघाईने म्हणाले. "पाव मीटर उरणारच होतं, कसंही कापलं तरी."

कापड सुटलं. मी बघितलं आणि लगेच समोरच्या मेणबत्तीकडे बघायला लागलो. रुपयापेक्षा मोठं, कडांना पांढरं, मध्ये गडद. फादरांचा चेहरा त्यांच्या झग्याच्या रंगाचा झाला. इथे सांगायला हवं, की चर्चच्या हॉलमध्ये लसीकरणाचं शिबिर झालं तेव्हा उद्घाटन फादरांच्या हस्ते होतं, आणि पहिली सुई दिसताच फादर फुलांच्या कुंडीसकट आडवे झाले होते. त्यांच्या मनाला काहीही सोसवत असेल, पोटाला सोसवत नाही. तरी त्यांनी हात पुढे करून पाण्याचा तांब्या उचलला.

"फादर, थांबा! ते पाणी नको!"

तिसऱ्या बाकावरून सून उठली होती. मिस्सा चालू असताना आमच्या चर्चमध्ये इतक्या मोठ्याने आजवर कोणी बोललं नव्हतं, लग्नात आक्षेप विचारतात तेव्हासुद्धा नाही. ती वेदीच्या पायऱ्यांपर्यंत आली, गुडघ्यांवर बसली आणि पायाकडे बघितलं, जसं ती डॉक्टरचं न लागणारं अक्षर बघते.

"कधीपासून?"

"दोन महिने," मास्तर म्हणाले.

"दुखतं?"

"अजिबात नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले.

हे उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ती बोलेल: मशीनबद्दल, तेलाबद्दल, कालच्या 'ठीक आहे, येतो'बद्दल. तिने ओठ घट्ट मिटले आणि उभी राहिली.

"मला दुकान उघडायला लागेल. सलाइन आणि गॉज आणते."

"आत्ता?" बाई पुढे आल्या होत्या. "अगं, मिस्सा चालू आहे!"

"चालू राहू दे. फादर, पाय सोडू नका. सोडलात तर ते बूट घालतील."

आणि ती मधल्या वाटेने धावत बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. भजन तिसऱ्यांदा सुरू झालं. तोपर्यंत ते आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं.

फादर जमिनीवर मांडी घालून बसले आणि मास्तरांचा पाय दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला. झग्यावर डाग पडत होता.

"झगा खराब होतोय," मास्तर म्हणाले.

"तुम्ही दुसरा शिवाल." फादरांनी डोळे मिटले. "मास्तर, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. मला गरगरतंय."

मास्तर पुढे वाकले. "डोकं खाली घाला. आणखी खाली. दात आवळू नका. नाकाने श्वास घ्या, मोजून... असं." आणि फादर खुर्चीवरच्या माणसाच्या गुडघ्याला कपाळ टेकवतील इतके वाकले, तेव्हा मास्तरांनी आपला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, मूल तापलं असताना ठेवतात तसा. बाकांवरून हे दृश्य असं दिसलं, की टेलर फादरांना आशीर्वाद देतोय. यावर पुढे कमिटीत पाऊण तास चर्चा झाली.

"माझ्या बापाचा पाय असाच गेला," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. हात तिथेच होता. "दर रविवारी तो इथे यायचा. कुबडीवर. त्या मागच्या बाकावर बसायचा आणि देवाला सांगायचा, एवढा राहू दे. मग पुढचा तुकडा जायचा, तरी पुढच्या रविवारी यायचा. मी बाहेर उभा राहायचो. मला राग यायचा. देवाचा नाही, बापाचा. एवढं मागतोस कशाला? मागितलं नाही तर निदान 'नाही' तरी ऐकावं लागत नाही."

फादरांचं कपाळ गुडघ्यावरून हललं नाही. मला वाटलं शुद्ध गेली.

"सांगा ना," मास्तर म्हणाले. "सात पानं बोललात प्रीतीवर. मग बापाचं काय?"

"मला माहीत नाही," फादर गुडघ्याजवळून म्हणाले. "खरंच माहीत नाही, मास्तर. सात पानांत ते नव्हतं. मला एवढंच माहीत आहे, की देवाला आज इथे जमिनीवर बसायचं होतं आणि बसायला त्याच्याकडे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि मला ओकारी येतेय."

"मग सोडा ना पाय."

"नाही."

मी दाखले देणारा माणूस आहे. नाही हा शब्द मी दिवसातून चाळीसदा म्हणतो: शिक्का नाही, साहेब नाहीत, आज होणार नाही. तो शब्द असाही म्हणता येतो हे मला माहीत नव्हतं. मास्तरांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि मेणबत्तीच्या धुराबद्दल काहीतरी पुटपुटले. मेणबत्ती माझ्या बाजूला होती, धूर येत नव्हता.

सून परत आली तेव्हा धापा टाकत होती. तिने सलाइनची बाटली उघडली. घंगाळात बारा पायांचं पाणी होतं, दिसायला निर्मळ, पण तिने ते लांब सरकवलं. "दुसरं भांडं," ती म्हणाली. आम्ही अकरा जण एकमेकांकडे बघत राहिलो. बाई मात्र गेल्या, आतून एक स्टीलचं भांडं घेऊन आल्या, आणि आपले दुखरे गुडघे वाकवून खाली बसल्या. "मी धरते, तू ओत," त्या म्हणाल्या. "टाचेच्या खाली धरू की मागे?" एकतीस वर्षांत बाईंनी कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

तर असे तिघंजण, फादर, बाई आणि सून, त्या एका पायाभोवती जमिनीवर बसले होते आणि मास्तर खुर्चीत, बघायला नाइलाज झालेल्या माणसासारखे, बघत होते. जखम धुतली गेली. पट्टी बांधली गेली. मग फादर विधीप्रमाणे वाकले.

"फादर, तिथे नको," सून म्हणाली. "इन्फेक्शन."

फादरांनी घोट्यावर ओठ टेकले. मग उठायला गेले, उठता आलं नाही. बेकरीवाल्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.

मिस्सा संपताच मास्तर म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ या की."

"आत्ता," सून म्हणाली.

"उद्या शुभ शुक्रवार आहे, सुट्टी, गर्दी नसेल..."

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला, "मी वर असते आणि खाली तुम्ही सडताय. मी वरून नुसता आवाज ऐकत बसायचं. तुमच्या मुलाला मी काय सांगू?"

मास्तर बेकरीच्या गाडीत चढले. स्वतःहून नाही; एक हात सुनेच्या खांद्यावर आणि एक फादरांच्या. चढताना त्यांनी सुनेच्या खांद्यावर पूर्ण भार टाकला, हे मी मुद्दाम बघितलं.

डॉक्टरांनी एक बोट घेतलं. पाय राहिला. घोट्याच्या हाडापर्यंत पोचायला आणखी दोन आठवडे पुरले असते, असं ते म्हणाले. शस्त्रक्रियेच्या कागदावर मास्तरांनी सही केली. ते डॉक्टरला म्हणाले, "एकच सांगितलंत. एकच घ्या." डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करतो." पुढे मास्तर मला म्हणाले, "इतका वेळ मी तेच मागायला घाबरत होतो. बाप मागायचा तसं." एवढं बोलून ते भिंतीकडे वळले.

कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. आशीर्वादाचा मुद्दा झाला, भजन चार वेळा का वाजलं यावर खुलासा मागवण्यात आला. मग एका सभासदाने ठराव मांडला, की पुढच्या वर्षीपासून तपासणीत दोन्ही पाय बघावेत, म्हणजे असा प्रसंग ओढवणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई वहीकडे बघत बसल्या होत्या.

"मी तपासणी करणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? मग कोण करणार?"

"कुणीच नाही."

"आणि कुणी घाण पाय घेऊन आला तर?"

बाईंनी वही मिटली. "तर फादर पडतील," त्या म्हणाल्या. "आपण उचलू."

ठराव बारगळला.

मी परवा मास्तरांना बघायला वर गेलो होतो. ते खाटेच्या कडेला बसले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. सून संध्याकाळची पट्टी बदलायला बसली होती. रोज दोनदा ती हे करते, सकाळी कामावर जायच्या आधी आणि परत आल्यावर. मी खुर्ची ओढून बसलो. तिने हातमोजे घातले, गॉज काढलं, भांडं ठेवलं आणि पाय घ्यायला हात पुढे केला. पण मास्तरांनी तिच्या आधीच पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला, आणि माझ्याशी महागाईबद्दल बोलायला लागले.

पाणी घोट्यावरून ओघळलं तसं मध्येच थांबून त्यांनी खाली बघितलं.

"पोरी," ते कपाळाला आठी घालून म्हणाले, "पाणी गार आहे गं."